कमीत कमी अंतर

लांडग्याला सगळ्यात जास्त काय आवडतं, हा प्रश्न लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या त्या कार्यालयात येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचाच. आणि पावलंकाका प्रत्येकाला तोंडावर सांगायचे, "आवडनिवड तुमची-आमची. पोट भरलेलं असलं की सुचते. लांडगा एवढंच बघतो, की यातलं कोण पडेल?" पाहुणा हसायचा. काका हसायचे नाहीत. मग पाहुण्याचं हसूही हळूहळू ओसरायचं.

पावलंकाका चौतीस वर्षं लांडग्यांच्या मागावर चालत होते. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्यांची मुलगी काम करायची. तिला सगळे हाडंबाई म्हणायचे, आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण काम तेच होतं. काका माळावरून लांडग्यांनी मारलेल्या जनावराचा जबडा, मागच्या पायाचं लांब हाड आणि वाळलेल्या विष्ठेच्या पिशव्या आणायचे. ती हाडं उकळायची, घासायची, कापून भिंगाखाली धरायची. विष्ठेतल्या केसांवरून कुठलं जनावर खाल्लं ते कळायचं, दातांवरून त्याचं वय, आणि हाड फोडल्यावर आतल्या मज्जेवरून तब्येत. धडधाकट जनावराची मज्जा पांढरी, थिजलेल्या तुपासारखी घट्ट. खंगलेल्याची लाल आणि पाणचट. त्या खोलीला असा काही वास होता, की साहेबसुद्धा उंबऱ्यावर उभे राहूनच बोलायचे आणि बोलणं दोन मिनिटांत आटपायचे. ते तिला सोयीचंच होतं.

लोकांना वाटतं, लांडग्यापुढे ताट वाढलेलं असतं आणि तो त्यातलं आवडेल ते उचलतो. तसं काही नसतं. ससा धरायला सोपा, पण पाच जणांच्या कळपाला एक ससा म्हणजे दाताला लावायलाही पुरत नाही. रानडुकराच्या अंगावर मांस भरपूर, पण त्याच्या सुळ्याने एकदा पोट फाडलं की खेळ खलास. हरणाची लाथ जबड्यावर बसली, तर तुटक्या जबड्याचा लांडगा महिनाभरात उपाशी मरतो. म्हणजे प्रत्येक घासामागे त्याला स्वतःचा जीव तोलावा लागतो. म्हणून तो आधी नुसता चाचपतो. कळपाच्या दिशेने चार उड्या मारतो आणि थांबून बघतो. जे जनावर वळून उभं राहतं, त्याला बहुतेक वेळा सोडून देतो. जे पळतं त्याच्या मागे थोडं पळतो आणि पुन्हा बघतो. एका वर्षी हरणं खातो, दुसऱ्या वर्षी डुकराची पिल्लं, तिसऱ्या वर्षी मेंढ्या. जात बदलते, पण निवडलेल्या प्रत्येक जनावरात काहीतरी कमी असतं.

आणि ते 'कमी' माणसाला दिसत नाही, हेच भयंकर. गेल्या वर्षी काकांनी एका नर हरणाचा जबडा आणला होता. जनावर पाहण्यासारखं होतं, चकचकीत अंगाचं, भरल्या मानेचं. साठ हरणं सोडून लांडग्यांनी नेमकं त्यालाच धरलं होतं. हाडंबाईला वाटलं, या वेळी लांडगे चुकले. काकांनी पिशवीतून फुप्फुसाचा तुकडा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. तो पाण्याच्या फोडांनी गच्च भरलेला होता.

"हे त्यांना बाहेरून कसं कळलं?" तिने विचारलं होतं.

"चालण्यावरून," काका म्हणाले होते. "श्वासावरून. वासावरून. कोण जाणे. पण कळतं त्यांना. आपल्याआधी कळतं."

आता काकांच्याच चालण्याची गोष्ट. दोन वर्षांपासून त्यांचा डावा खुबा गेला होता. सकाळी पलंगावरून उठताना ते दात आवळून उठायचे आणि वर "काही नाही गं, आखडलंय" म्हणायचे. दरवर्षी साहेब फिरतीवरच्या माणसांना आवारात चालायला लावून बघायचे. जो लंगडेल त्याला टेबलाशी बसवायचे. काकांना टेबलाशी बसवणं म्हणजे जिवंतपणी भिंतीवर फोटो टांगणं. म्हणून हाडंबाईने स्वतः जाऊन चांभाराकडून त्यांच्या डाव्या बुटात जाड थर बसवून आणला. भर आवारात, साहेबांच्या डोळ्यांदेखत, काका सरळ चालून गेले. तिला त्या दिवशी फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. जीप चालवताना मात्र क्लच दाबला की काकांचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून दोन महिन्यांपासून दर गुरुवारी, हाडं गोळा करायच्या दिवशी, तीच गाडी घेऊन त्यांच्याबरोबर जाऊ लागली. साहेबांना सांगितलं, हाडं जागेवरच नीट कापायला हवीत. साहेबांनी मान हलवली.

त्या बुधवारी दुपारी ती काकांची वही घेऊन बसली. लांडगे दिसले की काका दर वेळी एक ओळ लिहायचे: तारीख, जागा, किती होते, किती पावलांवर होते, काय केलं, सोबत कोण. ती दर आठवड्याचं कमीत कमी अंतर काढून आलेखावर ठिपका द्यायची. ही पद्धत कार्यालयात सुरुवातीपासूनची. एरवी ती हे काम गाणं गुणगुणत करायची. त्या दिवशी चौथ्या ठिपक्याला तिचं गुणगुणणं थांबलं. चारशे पावलं. साडेतीनशे. दोनशे ऐंशी. दोनशे दहा. एकशे नव्वद. एकशे वीस. ऐंशी. माणूस दिसला की चारशे पावलांवरून नाहीसे होणारे लांडगे सात आठवड्यांत ऐंशी पावलांवर आले होते, आणि त्या सात ओळींच्या 'काय केलं' या रकान्यात काकांच्या ठसठशीत अक्षरात एकच नोंद सात वेळा होती: 'बघत राहिले.'

 आपण त्यांचं लंगडणं साहेबांपासून लपवलं, शेजाऱ्यांपासून लपवलं, पण ज्यांच्यापासून लपवायला हवं होतं त्यांच्यापुढे त्यांना रोज चालायला पाठवत राहिलो. बाबांना काही झालं तर ते आपल्याच हातून झालेलं असेल. तिने कागद दुमडून पर्समध्ये ठेवला. 

गुरुवारी सकाळी काका म्हणाले, "आज मी एकटाच जातो. तू राहू दे."

"का?"

"उगाच. तुझी खोली आवर. किती दिवस पडलीय."

हेच ते मागच्या गुरुवारीही म्हणाले होते. म्हातारपणी माणसाला आपलं अधूपण पोटच्या पोरीलाही दाखवायला नको वाटतं, असा तिने अर्थ लावला. तिने किल्ली उचलली. काका तिच्याकडे पाहत राहिले. मग शेजारी येऊन बसले.

कुंपणाच्या फाटकाशी गाडी लावून दोघं माळावर चालू लागली. दिवस स्वच्छ होता, ऊन होतं, भीती वाटावी असं काही नव्हतं. थोड्याच अंतरावर कावळे घिरट्या घालत होते, तिथे एक हरिणी पडली होती. दोन दिवसांपूर्वीची. काका गुडघ्यावर बसले आणि करवतीने जबडा सोडवू लागले. ती पिशवी उघडी धरून उभी राहिली. चालण्याने तिला धाप लागली होती, आणि ती लपवायला तिने कपाळावरचे केस मागे सारले. मग न राहवून पर्समधला कागद काढला आणि त्यांच्या समोर धरला.

"बाबा, हे बघा. तुम्हीच लिहिलंय. तुमच्यावर नजर आहे त्यांची."

काकांनी करवत थांबवली. कागद हातात घेतला. आलेख कळायला त्यांना कधीच वेळ लागत नसे, पण या वेळी ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला तिला दिसला, आणि तिला वाटलं, पटलं एकदाचं.

"उद्या मी साहेबांना सांगणार," ती म्हणाली. "खुब्याचं, बुटाचं, सगळं. मला शिव्या घाला. वाटेल ते करा. पण तुम्ही पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही."

"सांग," काका म्हणाले. त्यांनी कागद खिशात घातला, आणि जबडा अर्धवट सोडून ते उठले. चौतीस वर्षांत त्यांनी कधी जबडा अर्धवट सोडला नव्हता. "आधी गाडीपाशी चल. पिशवी टाक इथेच."

"अहो, पण—"

"टाक म्हटलं ना!"

त्यांचा आवाज असा कधी चढत नसे. तिने पिशवी टाकली, वळली, आणि तेवढ्यात तिला ते दिसले. पाच होते. उतारावरच्या खुरट्या झुडपांतून बाहेर येऊन, फाटकाच्या वाटेपासून जरा बाजूला, ओळीने नव्हे, तर पाच ठिकाणी पसरून उभे. सगळ्यांत पुढे एक करडी मादी. अंतर काढायची तिला गरज नव्हती, डोळ्यांनी दिसत होतं. साठ पावलं.

तिची पाचावर धारण बसली. भिंगाखाली इतक्या वर्षांत हजारो केस बघितले होते तिने, पण ते केस ज्यांच्या पोटातून आले होते, त्यांनी कधी इतक्या जवळून तिच्याकडे बघितलं नव्हतं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. तिला वाटलं, दातांचे काप भिंगाखाली घेताना आपण असंच बघत असू.

"पळायचं नाही," काका हळू म्हणाले. "उभी राहा. सरळ."

दोघं उभी राहिली. मिनिट गेलं, दोन गेली. मादी खाली बसली, पुन्हा उठली, दहा पावलं पुढे आली. काकांचा डावा पाय थरथरू लागला. तिला ते जाणवलं आणि तिने मनाशी ठरवलं. लांडग्यांना ते बघूच द्यायचं नाही. ती एक पाऊल पुढे सरकली आणि डावीकडे जाऊन काकांच्या आणि मादीच्या मधोमध उभी राहिली. मग नीट आड व्हावं म्हणून आणखी दोन पावलं डावीकडे गेली. जरा जास्तच गेली. आता काका तिच्या उजव्या बाजूला अगदी उघडे पडले होते.

मादीने काकांकडे बघितलं नाही. तिची मान हाडंबाईबरोबर डावीकडे वळली होती.

ती उजवीकडे सरकली. मादीची मान उजवीकडे आली. मागच्या चौघांच्याही माना आल्या.

"बाबा," ती म्हणाली.

"तू वहीतले सगळे दिवस घेतले होतेस?" काकांनी विचारलं. त्यांची नजर लांडग्यांवरच होती.

"दर आठवड्याचं कमीत कमी. नेहमी घेतो तसंच."

"मी सोमवारीही येतो, मंगळवारीही. एकटा. खुबा घेऊन, लंगडत. तेव्हा ते चारशे पावलांवरून निघून जातात. अजूनही जातात." ते थांबले. "तुझे सगळे ठिपके गुरुवारचे आहेत, पोरी. सोबतचा रकाना तू बघितलाच नाहीस."

तिने खरोखरच बघितला नव्हता. त्या रकान्यात सात वेळा काय लिहिलं असणार, ते आता वही उघडून बघायची गरज नव्हती. 'मुलगी.'

"मला काय झालंय?" ती म्हणाली. "मला काहीच झालेलं नाही. जरा धाप लागते. त्या खोलीत दिवसभर बसून लागणारच ना."

 चौतीस वर्षं ते जनावरांची चाल वाचत आले होते, आणि गेले दोन महिने दर गुरुवारी ती त्यांच्यापुढे चालत होती. त्यांना कळलं होतं. त्यांना कळलं होतं आणि त्यांच्या तोंडून ते निघत नव्हतं, म्हणून ते नुसतं 'खोली आवर' म्हणत होते. हे तिला एका क्षणात उमगलं.

"ऐक," काका म्हणाले. "मी त्या बाजूला जातो. तू फाटकाकडे सरळ चालायचं. मागे बघायचं नाही, थांबायचं नाही. दम लागला तरी थांबायचं नाही."

"बाबा, नको."

पण ते निघाले होते. आणि जे दोन वर्षं त्यांनी जगापासून लपवून ठेवलं होतं, ते त्यांनी त्या माळावर उघड उघड दाखवलं. डावा पाय फरफटत, कमरेतून वाकत, मध्येच अडखळत ते मोकळ्या रानाकडे चालले. सोंग म्हणून थोडं वाढवलेलं होतं, पण बरंचसं खरं होतं. ते कण्हत होते आणि मुद्दाम मोठ्याने कण्हत होते. ती चालू लागली, आणि मागे बघायचं नाही हे त्यांचं सांगणं तिने पहिल्या वीस पावलांतच मोडलं.

दोन लहान लांडगे काकांच्या मागे वळले होते. थोडं धावले, थांबले, नाक वर करून उभे राहिले. करडी मादी जागची हलली नाही. तिने काकांकडे एकदा पाहिलं, पुरतं पाहिलं, खुबा पाहिला असेल, वय पाहिलं असेल. मग तिने मान फिरवली आणि हाडंबाईच्या मागे चालू लागली. लहान दोघं मुकाट्याने परत तिच्या मागे आले.

काकांनी ते पाहिलं. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो कण्हण्याचा नव्हता. सोंग टाकून, दुखऱ्या पायावर ते अक्षरशः धावत आले. कळपाच्या आणि मुलीच्या मधून धावले. पळायचं नाही हा स्वतःचाच नियम त्यांनी मोडला, आणि लांडग्यांनी तरीही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी तिच्या काखेत हात घातला.

"चल. मोज माझ्याबरोबर. एक, दोन..."

फाटक दोनशे पावलांवर होतं. पन्नासनंतर तिच्या छातीत कळ भरली. ऐंशीला ती क्षणभर थबकली, आणि मागचे पायरव जवळ आले. काकांनी तिला जवळजवळ उचललंच. ती आकडे पुटपुटत राहिली, कारण आकडे थांबले की पायरव जवळ यायचे हे तिला कळून चुकलं होतं. एकशे तीसला तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला, शिट्टीसारखा, आणि तिला वाटलं, हाच तो. हाच ते सात आठवडे ऐकत होते. ती भीतीने रडत होती, आणि रडण्यात श्वास जातो म्हणून काका तिला रडू नको म्हणत होते, आणि तेही रडत होते.

फाटक लागलं. काकांनी तिला ढकलून गाडीत बसवलं आणि स्वतः चाकामागे जाऊन बसले. दार लावलं. लांडगे वीस पावलांवर थांबले होते. ना गुरगुर, ना झेप. मादी कडेला बसली, काचेतून दिसणाऱ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि मग घाई नसल्यासारखी उठून झुडपांकडे गेली. बाकीचे तिच्यामागून गेले.

काकांनी क्लच दाबला. त्यांच्या कपाळावरची शीर टरारून आली, पण तोंडातून आवाज निघाला नाही. गाडी रस्त्याला लागली. कार्यालयाचं वळण आलं आणि मागे पडलं.

"वळण गेलं," ती म्हणाली.

"छातीचे डॉक्टर आज चारपर्यंत असतात."

"तुम्हाला काय माहीत?"

"सोमवारी विचारून आलो."

 बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला, पूर्ण आला नाही, पण बोलण्यापुरता आला. लहानपणी काका माळावरून काही आणायचे, तेव्हा ती ओसरीवर धावत जाऊन जे विचारायची, तेच तिने विचारलं. त्यांनी कधी तिला 'बघू' म्हटलं नव्हतं. म्हातारं होतं, दात गेले होते, फुप्फुस सडलं होतं, जे असेल ते एका शब्दात सांगायचे.

"बाबा, काय असेल?"

काकांनी गियर बदलला. रस्ता सरळ होता, तरी ते डोळे ताणून पुढेच बघत राहिले.

"मला काय कळतंय माणसांचं," ते म्हणाले. "मला आपलं जनावरांचंच कळतं."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते खोटं बोलत होते, आणि त्यांना ते नीट जमत नव्हतं.